उंबराला आवतण

सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन नवा होता. त्याने माझ्या हातातलं ताट पाहिलं, ताटातली हळद, कुंकू, अक्षता, सुपारी आणि नारळ पाहिला, माझ्यामागे काठी टेकून उभे असलेले बाबा पाहिले आणि विचारलं, "किसके यहाँ जाना है?"

"झाड के यहाँ," मी म्हटलं.

"कौन सा फ्लॅट?"

"फ्लॅट नहीं, झाड. वो उंबर है ना, उसको शादी का न्योता देना है."

बिचारा गोंधळला. इंटरकॉम उचलला, पुन्हा ठेवला. बाबांना असल्या प्रसंगांत भारी मजा येते. ते अगदी गंभीर चेहरा करून म्हणाले, "हमारा जुना पावना है." शेवटी वरच्या कुठल्याशा बाल्कनीतून आवाज आला, "अरे भैया, छोडो उनको, गाववाले हैं!" आणि गेट उघडलं.

आत पाऊल टाकलं आणि वास आला. पिकून फुटलेल्या उंबरांचा आंबूस-गोड वास. पेव्हर ब्लॉकवर लालसर फळांचा सडा पडला होता आणि त्यावर चिलटं घोंघावत होती. नाक मुरडावं असाच वास आहे तो, मी उगाच त्याला अत्तर म्हणणार नाही. पण मला तो आला की पाय आपोआप जपून पडतात, आणि पायाखाली पेव्हर ब्लॉक नसून शेताचा बांध आहे असं वाटतं.

कारण इथे बांधच होता. आमच्या शेताचा. आमच्या गावात, शिरवण्यात, आमचे तीन तुकडे होते, त्यातला हा खालचा. गावात प्रत्येक तुकड्याला नाव असायचं, तसं याला 'उंबराचं शेत' म्हणत. त्याच्यापलीकडे भरतीचं पाणी शिरणारं चिखलाचं खाजण, खाजणापलीकडे मिठागरं, आणि मग खाडी. उन्हाळ्यात मिठाच्या राशी इतक्या पांढऱ्या दिसायच्या की डोळे बारीक करून बघावं लागे. जमीन सरकारने माझ्या जन्माच्या आसपासच घेतली होती म्हणे, पण शहर यायला वेळ लागला. तोवर बाबा कसत राहिले. माझ्या लहानपणची सगळी भातं अशी, सरकारच्या जमिनीत पिकलेली आणि आमच्या ताटात आलेली.

भात कापल्यावर उंबराखाली सावलीला जेवण व्हायचं. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, आणि असलाच तर आदल्या रात्रीचा निवट्यांचा, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या माशांचा, रस्सा. आई भाकरी हातावर घेऊन उभ्याउभ्याच खायची. बसली की पुन्हा उठवत नाही, म्हणायची. वर पाखरांचा कालवा चाललेला असे, अर्धी खाल्लेली उंबरं टपटप अंगावर पडत, आणि माझी थोरली बहीण नंदा ती वेचून माझ्या फ्रॉकच्या मागे चिकटवी. दिवसभर माझ्या पाठीवर मुंग्या. नंदाला आज नातू आहे, तरी ही गोष्ट काढली की ती तशीच फिदीफिदी हसते.

हे सगळं सांगताना गळा काढायचा मोह होतो, म्हणून आधीच सांगून ठेवते. गावाबद्दल हळहळणाऱ्या बहुतेक लोकांनी गावात पाणी भरलेलं नसतं. आम्ही भरलंय. मार्चनंतर बावीचं, म्हणजे विहिरीचं, पाणी खारट व्हायचं आणि आई पहाटे हंडे घेऊन पार टेकडीकडच्या झऱ्याला जायची. गावात बाळंतपण अडलं तर माणसं देव आठवत, कारण गाडी आठवून उपयोग नसायचा. शहर आलं तेव्हा नळ आला, दवाखाना आला, मला कॉलेज आलं. आणि शहर आलं तेव्हाच भात गेलं, निवट्या गेल्या, संध्याकाळी कंपन्यांकडून येणारा तो घशाला चिकटणारा वास आला. बाबा त्यातल्याच एका कंपनीत हेल्पर म्हणून लागले होते. घरी आले की आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. दोन्ही खरं आहे. एक सांगून दुसरं लपवलं तर ते गावाचं वर्णन नव्हे, वकिली झाली.

नव्वदच्या आसपास उंबराच्या शेतात पत्रे लागले, मग खड्डे झाले, मग पायलिंगचा धप्प धप्प आवाज. आमच्या घरातली भांडी मांडणीवर किणकिणायची. पावसाळ्यात उघड्या खड्ड्यांत बेडूक इतके ओरडत की मिक्सरचा आवाज ऐकू येत नसे. इमारती उभ्या राहिल्या, रंगाचा आणि ओल्या सिमेंटचा वास येऊ लागला, आणि एका दिवाळीनंतर टेम्पो यायला लागले. टेम्पोत गादी, कपाट, देव्हारा आणि सगळ्यात वर उलटी ठेवलेली खुर्ची. आम्ही पोरी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून बघायचो. माणसं परळ, गिरगाव, लालबागहून आलेली. मूळची कुणी कोकणातली, कुणी सातारा-सांगलीकडची. ती उतरायची, वर बघायची, आपला मजला मोजायची आणि इतकी खूश व्हायची की आम्हालाही हसू यायचं. माझ्या बाबांच्या शेतात उभं राहून कुणी इतका आनंद करतंय याचा राग यावा की बरं वाटावं, हे मला तेव्हा कळत नसे. आता विचाराल तर दोन्ही वाटायचं.

बिल्डरने तीन बाजूंनी इमारती बांधल्या आणि मधल्या कोपऱ्यात उंबर तसाच ठेवला. का ठेवला, त्याला ठाऊक. तारेचं कुंपण घातलं. बाबा कामावरून येताना वाट वाकडी करून त्या कुंपणावरून यायचे. थांबायचे नाहीत, बघायचेही नाहीत फारसं. फक्त त्या बाजूने यायचे. जमिनीचे पैसे आले तेव्हा, गेले तेव्हा, बाबा काही बोलले नव्हते. पण एकदा जेवताना एकदम म्हणाले, "औंदा उंबर चांगला लागलाय." एवढंच.

मग नंदाचं लग्न ठरलं. मुलगा खाडीकाठच्या दिवाळे गावचा. त्याच्या घरी होडी होती, पण तो स्वतः बेलापूरच्या एका सरकारी ऑफिसात चिकटलेला होता. त्याची आई रोज पाटी घेऊन सेक्टरांमधून म्हावरं विकायची. लग्नाआधी सासूची कीर्ती अशी कानावर आली होती की तिच्या एका हाकेत चौथ्या मजल्यावरची माणसं पिशवी घेऊन खाली येतात. नंदा घाबरली होती. आई म्हणाली, "आवाज मोठा हाय त मन साफ असतंय. हलू बोलनाऱ्यांना भ्यावं."

आमच्याकडे मांडवाची पहिली मेढ उभी करताना तिला उंबराची डहाळी बांधतात. ती कुठल्याही उंबराची चालते असं शास्त्र असेल, पण आमच्या घरात ती त्याच उंबराची आणायचा रिवाज होता. बाबांच्या लग्नाची तिथलीच, आजोबांच्या लग्नाची तिथलीच. आणि डहाळी नुसती तोडून आणायची नसते. आदल्या संध्याकाळी झाडाला आवतण द्यायचं. हळदकुंकू लावायचं, नारळ ठेवायचा, खोडाला लाल दोरा बांधायचा आणि सांगायचं की उद्या आमच्या लेकीचा मांडव आहे, तू ये. दुसऱ्या सकाळी वाजतगाजत जाऊन त्याला घेऊन यायचं. पाहुण्याला आणतात तसं.

हे सगळं करते ती धवलारीण. आमच्या लग्नांत भटजीच्या बरोबरीने तिचा मान. ती धवले गाते, म्हणजे लग्नाची गाणी. त्यांत देवांना, गावांना, सोयऱ्यांना नावं घेऊन बोलावते, आणि प्रसंगाला लागेल तसे नवे शब्द घालत जाते. धवल्यात ज्याचं नाव आलं त्याला आवतण पोचलं, आणि आवतण पोचलं की यायचं असतं. आमच्या गावची धवलारीण हिरामावशी. ठेंगणी, पान खाऊन लाल झालेले दात, आणि आवाज असा की बेंजोवाले तिच्यासमोर गप्प बसत.

"मावशे," माझी आई तिला म्हणाली, "झार आता सोसायटीत हाय. त्यांना आधी इचारायचा काय?"

हिरामावशीने पान गालात सरकवलं. "लगीन कोनाचा? नंदाचा. आवतन कोनाला? झाराला. सोसायटीला कशाला इचारायचा?"

आणि आम्हा सगळ्यांना ते पटलं! आज नवल वाटतं, पण तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. गावात झाडाकडे जायला कुणी कुणाला विचारत नसे. मालक असायचा जमिनीला. झाडाच्या पाया पडायला कसला मालक? तेव्हा दिवस मावळताना हिरामावशी, आई आणि मी कुंपणाच्या फटीतून आत शिरलो. फटीत माझा दुपट्टा अडकला. मावशीने खोडाला हळदकुंकू लावलं, बुंध्याशी नारळ ठेवला, अक्षता टाकल्या, लाल दोरा गुंडाळला, हळू आवाजात झाडाशी बोलली. आम्ही आल्या वाटेने घरी आलो आणि निवांत झोपलो.

इकडे सोसायटीत मात्र कुणाला झोप लागली नव्हती. रात्री पाणी सोडायला आलेल्या माणसाला टॉर्चच्या उजेडात झाडाखाली नारळ, हळद, कुंकू आणि लाल दोरा दिसला. त्याने काय समजायचं? करणी! कुणीतरी सोसायटीवर करणी केली, अशी बातमी मजल्यामजल्याने वर चढली. शहाणीसुरती माणसं, ऑफिसात मोठमोठ्या सह्या करणारी, पण नारळ उचलायला एकही पुढे होईना.

आणि सकाळी आम्ही आलो. पुढे बेंजो, मागे बायका, त्यांच्यामागे गावातले पुरुष आणि सगळ्यांच्या मधे बाबा, धोतर नेसलेले, हातात कोयता! डहाळी तोडायला कोयता लागतोच. पण त्या काळात जमिनीसाठी मोर्चे निघत, गावातून माणसं घोळक्याने आली की नव्या इमारतींच्या खिडक्या बंद व्हायच्या. रात्री करणी आणि सकाळी कोयता. गेटला आतून साखळी लागली. साखळीच्या आत सोसायटीचे सेक्रेटरी साळवीकाका उभे, बनियनवर घाईघाईने चढवलेला शर्ट, बटणं वरखाली लागलेली.

"काय पाहिजे तुम्हाला?" आवाज चढवायचा त्यांचा प्रयत्न होता, पण तो मधेच चिरकला.

बेंजो थांबला. बाबा पुढे झाले. "उंबर नेवाला आयलूय," ते म्हणाले. "पोरीचा मांडव हाय."

"कुणाच्या परवानगीने? ही प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे."

ज्या जमिनीत बाबांनी नांगर धरला होता तिच्यात पाय ठेवायला कोणाची परवानगी, हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. ते कोयत्याकडे बघत राहिले. मला त्या क्षणी साळवीकाकांचा इतका राग आला की आजही त्याची ऊब आठवते.

साळवीकाकांनाही बहुधा ते उमगलं. माणूस वाईट नव्हता. कोकणातून परळच्या एका खोलीत आणि तिथून आयुष्याची पुंजी घालून इथे आलेला. ते जरा नरम झाले. "अहो, फांदी कसली नेताय? आधी बोलला असतात तर अख्खं झाडच न्या म्हटलं असतं. रविवारी तोडायचंच आहे ते. मीटिंगमध्ये ठरलंय."

नंदा आमच्याबरोबर नव्हती, लग्नाची मुलगी म्हणून घरी होती, ते बरं झालं. आई माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. बाबा झाडाकडे बघत होते. इतकी वर्षं नुसते त्या बाजूने जाणारे बाबा त्या दिवशी पहिल्यांदा थेट बघत होते. शेत गेलं तेव्हा रडले नव्हते. आता त्यांची हनुवटी हलायला लागली आणि मला ते बघवेना.

"का तोरताव?" त्यांनी विचारलं. "काय केला त्याने?"

साळवीकाकांची कारणं खोटी नव्हती. मुळं पाण्याच्या टाकीत घुसत होती. फळांवर चिलटं, चिलटांनी पोरं आजारी. आणि त्यांची स्वतःची बायको महिन्याआधी त्याच फळांवरून घसरून पडली होती. ती मागे उभीच होती, हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात झोळी. ही बाजूसुद्धा मला सांगितली पाहिजे. आम्ही झाडाखाली जेवून घरी जायचो. त्यांना त्याच्याखाली राहायचं होतं.

मग हिरामावशीने पान थुंकलं. बेंजोवाल्यांना हाताने मागे सारलं आणि साखळी धरून म्हणाली, "दादा, तोरायचा त तोर. पन आता नाय. झाराला कालच आवतन दिलाय. आवतन दिला म्हंजी तो आमचा पावना. मांडव उतरला का पावना मोकला. तवर त्याला हात लावायचा नाय."

"म्हणजे ते नारळ... ते तुम्ही ठेवलं होतं?" साळवीकाकू एकदम पुढे आल्या. "करणी नव्हती ती?"

"करनी?" हिरामावशीने गालावर हात मारून घेतला. "अगो बाय माझे! लग्नाचा नारल तो!"

वरच्या खिडक्यांमधून कुणीतरी हसलं. मग दुसऱ्या खिडकीतून. रात्रभर जागलेली माणसं हसायला लागली की थांबत नाहीत. साळवीकाकू तर प्लॅस्टरचा हात पोटाशी धरून हसत होत्या. सांगलीकडच्या एक आजी तिसऱ्या मजल्यावरून ओरडल्या, "मी म्हणत हुतेच! औदुंबर हाय त्यो, दत्ताचं ठाणं! कुणी ऐकलं का माजं?"

हिरामावशीने ती संधी सोडली नाही. "बिल्डिंगीचा नाव काय?" तिने विचारलं. कुणीतरी सांगितलं. आणि तिने तिथेच, बंद गेटसमोर, धवला धरला. आधी गावदेवीला बोलावलं, खाडीला, मिठागरांना, दिवाळ्याच्या सोयऱ्यांना. मग उंबराला. आणि मग आवाज न मोडता सोसायटीला! तिसऱ्या माळ्याच्या आजीला, गेटवरच्या दादाला, हात मोडलेल्या वहिनीला. 'शेजारी नवा आला, त्याला पाटावर बसवा' असं काहीसं म्हणाली. मला सगळे शब्द आठवत नाहीत, पण अंगावर काटा आला होता तो आठवतो.

साळवीकाकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, उघडा. लग्नाचं आहे."

"बरं, मांडव उतरेपर्यंत झाडाला हात लावणार नाही," म्हणत साळवीकाकांनी साखळी काढली. बायका आत गेल्या, सोसायटीतल्या बायका खाली आल्या. साळवीकाकूंनी डाव्या हाताने झाडाला कुंकू लावलं आणि उजवा हात चालत नाही म्हणून झाडाचीच माफी मागितली. बाबांनी कोयता धुतला, झाडाला हात लावून पाया पडले, आणि एकच डहाळी उतरवली. इतकी हलक्या हाताने की चीकसुद्धा फार आला नाही.

लग्नाला सोसायटीतली बरीच माणसं आली. धवल्यात नाव आलं होतं ना! पाहुणेमंडळींत ती ओळखू यायची, कारण हळदीत नाचायला ओढलं की ती "नाही नाही" म्हणायची आणि मग सुटली की आवरायची नाहीत. वरमाय, म्हणजे नंदाची ती मोठ्या आवाजाची सासू, साळवीकाकूंना बघून ओरडली, "तुमीच त पापलेट घेताव ना माझ्याकरून? कधी घासाघीस नाय करत!" नंदाची भीती तिथेच निम्मी उतरली.

लग्न झालं. नंदा दिवाळ्याला गेली. मांडववाल्याने कापड आणि बांबू नेले. आता मांडवपरतणी करायची, म्हणजे पूजा करून ती पहिली मेढ उपटायची, सुकलेली डहाळी खाडीत सोडायची, आणि मांडव उतरला असं म्हणायचं. आईने सगळी तयारी केली. बाबा मेढीजवळ गेले, तिला हात लावला आणि परत येऊन ओटीवर बसले.

"आज नको," म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही नको. आठवडा गेला तरी नको. मग आईच्या लक्षात आलं. माझ्याही आलं. मेढ उभी तोवर मांडव उभा, मांडव उभा तोवर उंबर पाहुणा, आणि पाहुण्याला हात लावणार नाही असं सेक्रेटरीने सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. माझ्या भोळ्या बाबांनी, ज्यांना जमिनीच्या कागदावर कुठे अंगठा आणि कुठे सही एवढंही कधी धड कळलं नव्हतं, रिवाजातून अशी वाट काढली होती.

पुढच्या रविवारी साळवीकाका स्वतः आले. ओटीवर बसले, चहा घेतला, अंगणातल्या मेढीकडे पाहिलं. "मांडव अजून उतरला नाही का?"

"उतरवू की," बाबा म्हणाले. "घाई काय हाय?"

त्याच्या पुढच्या रविवारी तेच. पावसाळ्यात तेच. गणपतीत साळवीकाकूंनी मोदक पाठवले, आईने सुकटीचा डबा पाठवला, आणि साळवीकाकांनी जाता जाता विचारलं, "काय, उतरला का मांडव?" बाबांनी तेच उत्तर दिलं. कधीतरी तो प्रश्न प्रश्न राहिला नाही. रस्त्यात भेटले की लोक रामराम म्हणतात तसे हे दोघं म्हणायचे. मांडव उतरला का? उतरवू की, घाई काय हाय? दरम्यान सोसायटीने टाकी दुसऱ्या बाजूला बांधून घेतली, आणि झाडाला पार बांधायची कल्पना साळवीकाकांनीच काढली. पडलेली उंबरं रोज सकाळी झाडायची पाळी लावली, ती मात्र कुणी नीट पाळली नाही.

या मेढीने माझंही एक भलं केलं, ते सांगितलंच पाहिजे. आमच्याकडे आधीचा मांडव परतल्याशिवाय त्या घरात दुसऱ्या लग्नाचा मांडव घालत नाहीत. नंदाच्या पाठोपाठ मला उजवायचा घाट होता, स्थळंही येत होती. पण पाहुणे बोलणी करायला आले की अंगणात मेढ! "आधीचाच मांडव उभा हाय," आई कपाळाला हात लावून सांगायची. त्या काळात मी वाशीला जाऊन बी.ए. केलं, पुढे नोकरी धरली. बाबांनी हे मुद्दाम केलं का, मी कधी विचारलं नाही. मला दोन्ही उत्तरांची भीती वाटायची, आणि दोन्हींत मला आनंदच होता. पुढे माझं आणि धाकट्या भावाचं लग्न हॉलमध्ये झालं. हॉलला कुठे मांडव लागतो?

या सगळ्या वर्षांत बाकी काय काय गेलं. मिठागरांवर भराव पडला. बाव बुजली. आमचं कौलारू घर पाडून भावाने त्याच जागी चार मजली इमारत उठवली, ओटी गेली. हिरामावशी गेली, तिची सून आता धवले म्हणते, मोबाइलवर शब्द बघून. इमारत बांधताना बिल्डर मेढीपाशी येऊन म्हणाला, हा बांबू काढायचा ना? बाबा म्हणाले, "पार्किंग दुसरीकरं कर." आजही आमच्या इमारतीच्या खाली दोन गाड्यांच्या मधे ती मेढ उभी असते. उंबराची डहाळी केव्हाच काडी झाली. भाडेकरू विचारतात, हा कसला खांब? मी सांगते, मांडव आहे, उभा आहे अजून.

आज सकाळपर्यंत होता.

भावाची मुलगी, आमची लाडकी, कॉम्प्युटरवाली, तिने हट्ट धरला. हॉल नको, लग्न घरी, मांडव अंगणात, धवले सगळे, हळद सगळी. अंगण कुठे आहे आता, म्हटलं, तर म्हणाली, पार्किंग आहे ना! पण दुसरा मांडव घालायचा तर पहिला उतरला पाहिजे. सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबा दोन दिवस मेढीपाशी जाऊन परत येत राहिले. आज सकाळी आंघोळ करून खाली आले, मेढीची पूजा केली आणि स्वतःच्या हाताने ती हलवायला लागले. ती सहज निघाली. खाली नुसता भुगा झाला होता. इतकी वर्षं कशाच्या जोरावर उभी होती कुणास ठाऊक. काडी झालेली डहाळी आम्ही रुमालात बांधून दिवाळ्याच्या खाडीत सोडली. नंदा जेट्टीवर उभी राहून रडली. मी पण रडले. बाबा होड्यांकडे बघत होते.

आणि आता हे उंबराखाली आम्ही. पारावर साळवीकाका बसले होते. काकू गेल्यापासून संध्याकाळी ते इथेच बसतात. गुडघे गेलेत, नजर कमी झाली आहे, पण काठीचा आवाज त्यांनी ओळखला.

"कोण, पाटील? या." आणि सवयीने म्हणाले, "काय मग, मांडव उतरला का?"

बाबा त्यांच्या शेजारी बसले. "आज सकाली उतरला."

साळवीकाकांनी मान वर करून झाडाकडे पाहिलं. त्यांना पानं दिसत होती की नाही कोण जाणे. वर पाखरांचा कालवा चालला होता. एक उंबर टपकन दोघांच्या मधे पडलं.

"असं," शेवटी ते म्हणाले. आवाज तसाच, त्या सकाळसारखा, मधेच चिरकलेला. "मग आता?"

मी ताट पुढे केलं. बाबांनी त्यातला नारळ उचलून आधी साळवीकाकांच्या हातात दिला, त्यांचा हात धरून तो बुंध्याशी ठेवला. "नातीचा लगीन हाय. उद्या मांडव. झाराला आवतन द्यावाला आयलूय, आनी तुमाला पन."

साळवीकाकांनी नारळावरचा हात काढला नाही. बराच वेळ. मग त्यांचा चेहरा हळूहळू हसरा झाला.

"आणि हा मांडव कधी उतरवणार?"

"उतरवू की," बाबा म्हणाले. "घाई काय हाय?"